दुखलं तर डावा हात

आमच्या मजल्यावर ज्यांना सगळे दातवाल्या मावशी म्हणतात, त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे. ती किती जाड आहे ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. पलीकडे कुणी शिंकलं तर माझी झोप मोडते, एवढं मला माहीत आहे. मी शीतगृहात रात्रपाळी करतो आणि दिवसा झोपतो. त्यामुळे या इमारतीतल्या झाडून सगळ्यांशी माझं कधी ना कधी वाजलेलं आहे. मावशी मला घुबड म्हणतात, तेही तोंडावर, आणि तरी त्यांच्याशी माझं कधी बिनसलं नाही. उलट या इमारतीत मी कुणाला मानत असेन तर त्यांना. का, ते सांगतो.

मावशींनी उभी हयात एका दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस म्हणून काढली. लागल्या तेव्हा विशीच्याही नव्हत्या. आधी फरशी पुसायची, मग हत्यारं उकळायची, मग दातात भरायचं सिमेंट काचेवर कालवायचं, असं करत करत त्या खुर्चीच्या डाव्या अंगाला जाऊन उभ्या राहिल्या आणि डॉक्टर निवृत्त होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. दात कोरायची बारीक टोकं एका लांबट डबीत रांगेने उभी असत. डॉक्टरांचा तळहात उघडला की हवं ते टोक त्यात पडलेलं असायचं. डॉक्टरांना मागावं लागलं, तर तो मावशींना स्वतःचा अपमान वाटे. त्यांच्या एका हातात पाण्याची बारीक धार, दुसऱ्या हातात थुंकी ओढून घेणारी नळी, आणि डोळे पेशंटच्या डाव्या हातावर.

डाव्या हाताचं असं होतं. तोंड उघडं असलेल्या माणसाला बोलता येत नाही. म्हणून खुर्ची मागे कलली की मावशी सांगायच्या, "दुखलं तर डावा हात वर करा. मी थांबवते." डॉक्टर थांबतील असं नाही, मी थांबवते. एकदा एका बाईंनी हात वर केला आणि डॉक्टर म्हणाले, "झालंच आता, जरासंच राहिलंय." मावशींनी मागे जाऊन भिंतीवरचं बटणच बंद केलं. डॉक्टरही मोठ्या मनाचे. मुकाट्याने बसून राहिले, आणि पुढे कुणाच्याही बाबतीत त्यांनी 'झालंच आता' म्हटलं नाही. हे मला मावशींनी नाही, त्यांच्या ताईंनी सांगितलं. मावशींना स्वतःचं कौतुक सांगता येत नाही. लग्न का नाही केलंत असं कुणी विचारलं तर म्हणतात, "दिवसभर उघडी तोंडं बघायची, घरी आल्यावर आणखी एक कशाला?"

ताई म्हणजे मावशींची थोरली बहीण. त्या टेलिफोनच्या कचेरीत ऑपरेटर होत्या. आईवडील गेल्यावर त्यांनीच मावशींना वाढवलं. पुढे ताईंचे यजमान अकाली गेले, तेव्हा मावशी ट्रंक उचलून त्यांच्याकडे राहायला आल्या आणि ताईंच्या मुलाला दोघींनी मिळून मोठं केलं. तो आता दुसऱ्या शहरात नोकरी करतो. इकडे दोघी बहिणी. भांडतात, चहा पितात, पुन्हा भांडतात. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येतं, आणि खरं सांगायचं तर त्या भांडणात माझी झोप मोडत नाही, उलट लागते.

गेली काही वर्षं ताईंना काचबिंदूने गाठलंय. समोरचं थोडं दिसतं, कडेचं काहीच दिसत नाही. त्यांच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत एक लांब बोळ आहे आणि बोळाच्या शेवटी खाली उतरणारी एक पायरी. त्या पायरीवर ताई पडल्या. हाड मोडलं नाही, पण कपाळाला टाके पडले. मुलगा हातातलं काम टाकून धावत आला.

"मावशी, तू आहेस म्हणून मी निर्धास्त होतो," तो म्हणाला. "पण तू भाजी आणायला गेलीस आणि इकडे तिचा तोल गेला तर? मी आईला घेऊन जातो."

"तुमच्याकडे तिला बघणार कोण? तुम्ही दोघं दिवसभर कामावर."

"कुणीतरी ठेवू."

"कुणीतरी," मावशी म्हणाल्या. बरीच ओढाताण होऊन शेवटी ठरलं ते असं. बोळात भिंतीला धरून चालायला दांडा बसवायचा. पुढच्या रविवारी भाचा येणार आणि स्वतः अंगाचा भार टाकून तो ओढून बघणार. हलला, तर ताई त्याच्याबरोबर जाणार. भाचा काही वाईट नाही हो. आईच्या कपाळावरचे टाके बघून घाबरलेला मुलगा होता तो. हे सगळं ताई पलंगावर बसून ऐकत होत्या. त्यांना मात्र कुणी काही विचारलं नाही.

सुतार आला, मापं घेऊन गेला, गुळगुळीत घासलेला लाकडी दांडा आणि तो भिंतीला धरून ठेवणारे लोखंडी ब्रॅकेट आणून टाकले, आणि 'उद्या येतो' म्हणून गेला तो गेलाच. शनिवारी सकाळी त्याचा फोन आला, सोमवारी नक्की. मावशींनी दाताच्या कण्या केल्या. उपयोग शून्य.

मी कामावरून परतत होतो. जिन्यातच त्यांनी मला गाठलं.

"घुबडा, तुझ्याकडे भोकं पाडायचं मशीन आहे ना?"

"मशीन आहे. पुढे लावायची टोकं नाहीत. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नेली ती गेलीच."

"टोकांचं मी बघते. चल दुकानात."

"आत्ता? मी रात्रभर जागा आहे, मावशी."

"मग आणखी थोडा वेळ जागलास तर मरणार नाहीस."

हार्डवेअरच्या दुकानाच्या दारात एका टोपलीत सवलतीचा माल ठेवला होता. रंग वाळलेले ब्रश, जबडा मोडलेला पाना, आणि त्यात एक निळा डबा. त्याच्यावर पुठ्ठ्याचा तुकडा: 'घरच्या कामासाठी पहिला संच. सवलतीत.' डबा आधी काचेच्या कपाटात इतके दिवस पडून राहिला होता की एका बाजूने त्याचा रंग उन्हाने उडाला होता आणि झाकणाची खिट्टी मोडली होती. मी म्हणालो, "मावशी, खिट्टी मोडलेली आहे."

"मला खिट्टीने भोक पाडायचं नाहीये."

त्यांनी डबा उघडला आणि मी पहिल्यांदाच त्यांना त्यांच्या जुन्या जागी उभं असलेलं पाहिलं. टोकं रांगेने उभी होती, बारीक ते जाड. मावशींनी एकेक काढून उजेडाकडे धरलं, नखाने धार चाचपली, मग काउंटरच्या काचेवर ते टोक बोटाने गडगडत सोडलं. सरळ असलेलं टोक गुमान घरंगळत जातं. एक मात्र लंगडत गेलं. दुकानदाराने दुसऱ्या डब्यातलं काढून बदलून दिलं, आणि मग, आपल्या मालाची कुणीतरी कदर केल्याच्या आनंदात, नीट समजावून सांगितलं. सोनेरी दिसतात ती लोखंडासाठी, मधोमध सुईसारखं टोक असलेली लाकडासाठी, आणि ही करडी, तोंडाशी जरा बोथट दिसणारी, भिंतीसाठी. भोकात आधी ही प्लॅस्टिकची गिट्टी ठोकायची, म्हणजे स्क्रू तिच्यात घट्ट बसतो.

"आणि मावशी, दाबू नका. मशीनला काम करू द्या."

मावशींचा चेहरा उजळला. "आमचे डॉक्टर अगदी हेच सांगायचे."

घोटाळ्याचं मूळ इथे आहे. त्या क्षणी त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की भिंत म्हणजे एक मोठा दातच.

घरी येऊन मी मशीन काढून दिलं. "पाडणार कोण?" असं विचारलं, तर म्हणाल्या, "बघू." मी समजलो, कुणाला तरी बोलावतील. उशीवर डोकं टेकलं आणि डोळा लागतो न लागतो तोच कानाशी घर्रर्र झालं. थांबलं. पुन्हा घर्रर्र. पुन्हा थांबलं. आणि मधल्या शांततेत भिंतीपलीकडून मावशींचा आवाज, अगदी मऊ: "झालं हं, झालं. जरा चूळ भरू दे त्याला."

मी तसाच उठून गेलो. दार उघडंच होतं. बोळात मावशी, डोळ्यांना चष्मा, तोंडाला फडकं, हातात माझं मशीन. मशीनला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली. शेजारी खुर्चीवर ताई, हातात इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली, आणि मावशी 'हं' म्हणाल्या की त्या आवाजाच्या रोखाने फवारा मारत होत्या. भिंतीवरून करड्या चिखलाचा ओघळ खाली चालला होता.

मी ओरडलो. उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणतात ना, तसंच. "विजेच्या मशीनवर पाणी? जीव द्यायचाय का दोघींना? आणि तेही माझ्या मशीनने?"

"मशीनला पिशवी घातली आहे की," मावशी म्हणाल्या. "कोरडं कोरलं तर तापतं. आतली नस मरते."

"भिंतीला कुठली आलीय नस?"

"ती बघ." त्यांनी बटणांच्या पाटीकडे बोट दाखवलं. "तिथून वायर सरळ वर गेलीय. त्या अंगाला मी हात लावला नाही. सगळी भिंत आधी ठोकून बघितली. जिथे पोकळ वाजलं तिथे खूण केली, जिथे भरीव वाजलं तिथेच पाडलं."

बघितलं तर खरंच भिंतीभर पेन्सिलच्या खुणा होत्या, आणि ठोकायला वापरलेला, दात तपासायचा लांब दांड्याचा छोटा आरसा त्यांच्या खिशात होता. मी जरा नरम आलो. पण भिजलेल्या मशीनचा राग होताच, म्हणून म्हणालो, "मग बसवून दाखवा तुमचा ब्रॅकेट."

त्यांनी गिट्टी ठोकली, ब्रॅकेट लावला, स्क्रू पिळला. "ताई, ओढ." ताईंनी खुर्चीत बसल्या बसल्याच ओढलं, ते बरं झालं. लोण्यातून सुरी निघावी तसा ब्रॅकेट, स्क्रू आणि गिट्टी सगळं एकदम त्यांच्या मांडीवर आलं. गिट्टीला ओला चिखल चिकटलेला होता.

ताईंनी ब्रॅकेट चाचपला आणि हळूच म्हणाल्या, "राहू दे गं. मी जाईन त्याच्याकडे."

मावशींचा चेहरा मला दिसत नव्हता. त्या भोकाला डोळा लावून वाकल्या होत्या. इतका वेळ वाकून राहिल्या की मला वाटलं रडतायत. मग त्यांचे खांदे हलले आणि कळलं की हसतायत.

"मी अर्धाच धडा वापरला," त्या म्हणाल्या. "पाणी असतं ते कोरताना. भरताना दात आधी पूर्ण कोरडा करायचा. लाळेचा थेंब राहिला तरी भरलेलं दुसऱ्या दिवशी हातात येतं. शेकडो वेळा मीच तर फुंकून सुकवलेत." आणि मग मला, "बरं बाबा, तुझं खरं. भिंतीची नस मरत नाही. पाणी बंद. तुझ्याकडे धूळ ओढायचं मशीन आहे ना?"

आता काय बोलणार. ते आणलं. पिशवी काढून ड्रिल पुसून, उन्हात ठेवून सुकवलं. मावशींनी जागा हातभर बाजूला घेतली, कारण पहिल्या भोकाच्या कडा भिजल्या होत्या. करड्या टोकावर गिट्टीच्या लांबीएवढं अंतर मोजून जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे किती आत गेलं ते कळावं. माझ्या हातात बॅटरी दिली आणि ताईंच्या हातात धूळ ओढायची नळी.

"जवळ धर, पण ओठाला लावू नकोस," मावशी म्हणाल्या.

"कुणाच्या ओठाला?"

"भिंतीच्या गं. घुबडा, उजेड हलवू नकोस."

मशीन सुरू झालं. आणि मग मी जे पाहिलं ते विसरणार नाही. थोडं कोरायचं, बाहेर घ्यायचं, थांबायचं, पुन्हा आत. घाई नाही, जोर नाही. साठी उलटलेल्या त्या हाताला जरासुद्धा कंप नव्हता. ताईंना तेवढं बारीक दिसत नव्हतं, पण आयुष्यभर लोकांचे आवाज जोडून देणारे त्यांचे कान तयार होते, त्या मान तिरकी करून ऐकत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "थांब. आवाज बदलला. आता वीट लागली." मावशी थांबल्या, बघितलं, आणि खरंच लाल भुकटी येऊ लागली होती. भोक पडल्यावर मावशींनी दवाखान्यातून आणलेली रबरी फुंकणी काढली आणि आतली धूळ शेवटच्या कणापर्यंत उडवली. गिट्टी ठोकताना तिला तीन-तीनदा हातोडी मारावी लागली, इतकी ती घट्ट बसली.

मला राहवलं नाही. म्हणालो, "मावशी, एवढा हात तुमचा, आणि जन्मभर मशीन दुसऱ्याच्या हातात देत बसलात."

"वेडा आहेस," त्या म्हणाल्या. "मशीन धरणाऱ्याला फक्त दात दिसतो. मला माणूस दिसायचा."

सगळे ब्रॅकेट बसायला दुपार टळली. दांडा चढवायच्या आधी मावशींनी तो उलटा करून गुडघ्यांमध्ये धरला, मशीनला लाकडासाठीचं टोक लावलं आणि खालच्या अंगाला, जिथे चालताना बोटं घासतात तिथे, उथळ खळगे पाडले. स्वयंपाकघराच्या दाराशी एक, बाथरूमच्या पायरीच्या अलीकडे दोन लागोपाठ. मग बारीक काचकागदाने कडा घासून घासून मऊ केल्या आणि ताईंचं बोट धरून त्यावर फिरवलं. "टोचतंय का?" ताई म्हणाल्या, "नाही." तरी मावशींनी पुन्हा घासलं.

रविवारी भाचा आला. मी मुद्दाम झोपलो नव्हतो. त्याने बूट काढले आणि आधी बोळातच गेला. दोन्ही हातांनी दांडा ओढला. भिंतीला पाय लावून ओढला. मग गुडघे वाकवून अख्खा लोंबकळला, आणि हा मुलगा काही काडीपैलवान नाही. दांडा जागचा हलला नाही.

"आई, चालून दाखव."

ताई पलंगावरून उठल्या, दांड्याखाली बोटं घातली आणि चालू लागल्या. एका जागी म्हणाल्या, "दार." पुढे गेल्या, थांबल्या, म्हणाल्या, "पायरी," आणि पाय नीट खाली ठेवला. भाच्याला काही कळेना. त्याने दांडा खालून चाचपला. मग स्वतः डोळे मिटून पलंगापासून निघाला आणि जिथे दोन खळगे लागले तिथे थांबून डोळे उघडले. पायरी त्याच्या अंगठ्याशी होती.

मला वाटलं, जिंकलो. पण घाबरलेल्या माणसाची समजूत पटली तरी भीती जात नाही.

"दांडा पक्का आहे, मावशी. मी शब्द दिला होता, मान्य," तो म्हणाला. "पण माझं ऐक. मला तिकडे झोप लागत नाही. फोन वाजला की उचलायची भीती वाटते. तूही आता थकलीस. चार महिने तरी आईला नेतो. तिची खोली तयार आहे, खिडकी मोठी आहे, डॉक्टर जवळ आहेत, आणि तिलाही जरा बदल..."

तो बोलत राहिला. सगळं खरं होतं, आणि सगळं प्रेमाने होतं. मावशींनी एका शब्दाने त्याला अडवलं नाही. मी त्यांच्याकडे बघत होतो, आता काहीतरी बोलतील म्हणून. पण त्यांचं भाच्याकडे लक्षच नव्हतं. त्या बोळाच्या टोकाला बघत होत्या, जिथे ताई कालच्याच खुर्चीवर बसल्या होत्या. ताईंचा डावा हात मांडीवरून उचलला गेला होता आणि हळूहळू खांद्यापर्यंत आला होता.

"थांब," मावशी म्हणाल्या.

भाचा वाक्याच्या मधोमध थांबला. लहानपणी दाढ भरून घ्यायला डॉक्टरांच्या खुर्चीत तोही बसलेला होता. तो वळला आणि आईचा वर केलेला हात त्याने पाहिला.

"दुखतंय, आई?"

"हो," ताई म्हणाल्या. "मला इथेच राहायचंय."

तो आईपुढे उकिडवा बसला. आईचा हात आपल्या हातात घेऊन खाली आणला आणि धरून ठेवला. मी उगाच खिडकीबाहेर बघितलं. मावशींनी डोळे पुसले नाहीत, चष्मा पुसला.

मग तो म्हणाला, "बाथरूमच्या आत पण एक दांडा लागेल."

"लागेलच," मावशी म्हणाल्या.

मी न सांगता मशीन आणून दिलं. सुतार दांड्याचा एक जादा तुकडा टाकून गेला होता, तो ताईंनी मांडीवर घेतला. मावशींनी आरशाच्या दांड्याने बाथरूमच्या फरश्यांच्या वरची भिंत ठोकून पाहिली, खूण केली, आणि मागे न बघता तळहात उघडला. तिथे टोक आधीच होतं. भाच्याने निळ्या डब्यातून काढून ते त्यांच्या हातात ठेवलं होतं. ते लाकडासाठीचं होतं. मावशींनी ते बघितलं, परत दिलं, आणि तो डब्यात करडं शोधू लागला.